प्रकल्पाचा आराखडा वाचून

रत्नागिरी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उंदरांच्या भीतीवरच्या तुझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते, परंतु ‘अमिग्डला हे मेंदूतील भीतीचे केंद्र आहे’ हे पहिलेच वाक्य खोडून टाकावेस, असे मी सुचवतो. अमिग्डला, म्हणजे मेंदूत खोलवर असलेला बदामाच्या आकाराचा भाग, भीतीशी जोडलेला आहे, त्यामुळे ते अगदीच चूक आहे असे नव्हे, पण ज्या प्रश्नांत तुझ्या प्रकल्पाचा जीव आहे ते प्रश्न त्या वाक्याने आरंभीच मिटवून टाकले आहेत.

उंदराला एखादा आवाज ऐकवून लगेच पायांना विजेचा सौम्य धक्का दिला, की काही वेळा असे झाल्यावर नुसत्या आवाजानेही तो जागच्या जागी थिजतो. आवाजाची आणि धक्क्याची वार्ता लॅटरल अमिग्डलातील, म्हणजे अमिग्डलाच्या बाजूच्या भागातील, चेतापेशींवर एकत्र येते, तिथल्या चेतासंधी (पेशींमधले जोड) बळकट होतात आणि मग तो आवाज एकटाच सेंट्रल अमिग्डलाला, म्हणजे त्याच्या मध्यवर्ती भागाला, जागे करू शकतो. इथपर्यंत बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. खरी गंमत तिथून बाहेर पडणाऱ्या वाटांत आहे. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दाखवले की, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राच्या बाजूच्या भागाला इजा केली तर त्या आवाजाने उंदराचा रक्तदाब वाढत नाही, पण तो थिजतो. आणि मध्यमेंदूतील पेरिॲक्विडक्टल ग्रे या भागाला इजा केली तर रक्तदाब वाढतो, पण तो थिजत नाही. म्हणजे ज्याला आपण एका दमात ‘घाबरला’ म्हणतो, त्याचे धागे मेंदूत वेगवेगळे निघतात. म्हणून तू नेमके काय मोजणार आहेस, हे आधी ठरव.

सेंट्रल अमिग्डलाची आतली रचना तुझ्या आराखड्यात दोन ओळींत उरकली आहे, ती वाढवावीस. तिथल्या बहुतेक पेशी पुढच्या पेशींना चेतवत नाहीत, त्या त्यांना दाबून धरतात. डेव्हिड अँडरसन आणि आंद्रेआस ल्यूथी या मेंदूशास्त्रज्ञांच्या गटांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून असे दिसले की, सेंट्रल अमिग्डलाच्याच बाजूच्या कप्प्यातील काही पेशी एरवी निर्गमाच्या, म्हणजे बाहेर संदेश नेणाऱ्या, पेशींना रोखून ठेवतात, आणि धोक्याची खूण मिळताच त्याच कप्प्यातील दुसऱ्या पेशी या पहारेकऱ्यांनाच गप्प करतात. संरक्षक वर्तन इथे ढकलून सुरू होत नाही. अडसर निघाला म्हणून ते सुटते. ल्यूथींच्याच गटाने 2017 मध्ये पुढचा टप्पा गाठला. सोमॅटोस्टॅटिन हा संदेशवाहक रेणू बनवणाऱ्या पेशी थिजण्याच्या बाजूने, तर सीआरएफ हा दुसरा तसाच रेणू बनवणाऱ्या पेशी पळण्याच्या बाजूने काम करतात आणि दोघी एकमेकींना दाबतात, त्यामुळे त्या क्षणी एकच वर्तन वरचढ ठरते.

हे तुला नवे वाटू नये. आपल्या सड्यावर पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात ससा कान पाडून किती वेळ निश्चल बसतो आणि माणूस अगदी जवळ आल्यावर कसा उसळून पळतो, हे तू पाहिलेच असशील. प्राणी तोच आणि धोकाही तोच; फरक फक्त अंतराचा. सशाच्या मेंदूतही नेमक्या याच पेशी हा निवाडा करतात, असे मात्र लिहू नकोस. वरचे काम उंदरांवरचे आहे.

‘हृदयाचे ठोके वाढले, म्हणून भीती वाटली’ हा तुझा युक्तिवादही मला पटला नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाचा उपयोग रूढ केला, तो ज्या लक्षणांसाठी, ती आठव: दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब. हे सारे वादळ विषाने चेतातंतूंवर केलेल्या परिणामातून उठते. त्यासाठी मनात भीती असावी लागत नाही. उलट बाजूही पाहा. दुर्मीळ आजाराने दोन्ही अमिग्डला नष्ट झालेल्या एका अमेरिकन स्त्रीने साप सहज हातात घेतला. तिला आणि त्याच आजाराच्या आणखी दोघांना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवली, तेव्हा मात्र तिघांनाही दहशतीचा झटका आला. तो प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘केंद्र’ नसतानाही भीती आली, आणि तीही शरीराच्या आतून आलेल्या धोक्याची. लेडू स्वतः आता ‘भीती’ हा शब्द जाणिवेसाठी राखून ठेवावा, असे म्हणतात. मला ते सावधपण योग्य वाटते, विशेषतः उंदराला काही विचारता येत नसताना.

आता प्रयोगाच्या मांडणीविषयी. उंदीर ठेवायची तुझी पेटी इतकी लहान आहे की उंदराला थिजण्यावाचून दुसरे काही करताच येणार नाही, आणि मग तू निष्कर्ष काढशील की तो फक्त थिजतो. पेटी लांबट कर, एका टोकाला लपायला आडोसा ठेव, वरून चित्रण कर, आणि निश्चल बसणे, धावणे, उडी मारणे यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत घे. नोंद घेणाऱ्याला कोणत्या गटातला प्राणी आहे हे कळता कामा नये. एवढे बदल करून आराखडा मला पुन्हा पाठव. तोपर्यंत महाविद्यालयाच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे अर्ज करू नकोस, कारण पेटी बदलली की प्राण्यांची संख्याही नव्याने मांडावी लागेल.

तुझा,
सर