आमच्या भागात मांजरांसाठी काम करणारे 3 गट आहेत, तरी पिल्लं कमी होत नाहीत. गट एकत्र आले तर खरंच फरक पडतो का?

पडतो. पण त्यासाठी तिघांनी एका नावाखाली यायची गरज नाही. एकाच गल्लीत, एकाच आठवड्यात तिघांनी उतरायची गरज आहे.

मी ठाण्यात 6 वर्षं मांजरांना खाऊ घालते. सुरुवातीला आमचंही असंच होतं. एका गटाकडे पिंजरे, दुसऱ्याची डॉक्टरांशी ओळख, आणि कुठली भाटी कुठल्या जिन्याखाली व्याली ते माहीत आम्हा खाऊ घालणाऱ्या बायकांना. जो तो जमेल तेव्हा इथली 2, तिथली 3 मांजरं नसबंदीला नेई. भाटी 4-5 महिन्यांची झाली की माजावर येते, गाभण राहिली की साधारण 2 महिन्यांनी विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. अशा तुटक कामाने तिचा वेग गाठता येत नाही. वस्तीतल्या 4-5 जरी सुटल्या तरी वर्षभरात पुन्हा तेच.

फ्लोरिडातल्या जॅक्सनविल शहरात पालिकेच्या निवाऱ्यात आलेली बहुतेक भटकी मांजरं मारली जात. 2008 मध्ये तिथे 'फेरल फ्रीडम' हा उपक्रम सुरू झाला. पालिकेने मांजरं सोपवायची, 'फर्स्ट कोस्ट नो मोअर होमलेस पेट्स' या संस्थेने नसबंदी आणि लसीकरण करून जिथली तिथे सोडायची, 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेने पाठबळ द्यायचं. कामाची ही वाटणी मला फार महत्त्वाची वाटते.

आम्ही आधी फोटोंसकट यादी केली. डॉक्टरांकडून सलग 2 दिवस मागून घेतले, सगळे पिंजरे एका सोसायटीत आणले. एका गटाने फक्त ऑपरेशननंतरची देखभाल आणि लहान पिल्लांना घरं शोधणं घेतलं. नसबंदी झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही.

खरी अडचण आली ती आदल्या रात्री खाणं बंद ठेवण्यात. पोट भरलेलं मांजर पिंजऱ्यात जात नाही, आणि भुलीसाठीही पोट रिकामं लागतं. आमच्याकडच्या एका आजींना मांजरांचं ओरडणं ऐकवेना. त्यांनी पहाटे 5 ला गुपचूप मासे घातले आणि त्या दिवशी एकही मांजर सापडलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. पुढच्या वेळी आम्ही पिंजऱ्यात मासा ठेवायचं काम त्यांनाच दिलं. त्यांच्या हाकेवर सगळ्यात बुजरी भाटी, जी 2 वर्षं कुणाच्या हाती लागली नव्हती, ती आत गेली.

म्हणून तुमच्या तिन्ही गटांना बसवाल तेव्हा रोज खाऊ घालणाऱ्यांनाही बोलवा, आणि पहिली गल्ली कुठली घ्यायची एवढंच त्या दिवशी ठरवा. ती पूर्ण झाल्यावर कान अखंड असलेलं नवीन मांजर तिथे दिसलं, की त्याच आठवड्यात न्या.