हात कोणापुढे आखडावा?

वर्षभर कपडे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू विकत न घेण्याचा आपला निश्चय ही नुसती काटकसर की राजकीय कृती, आणि घरचे त्याला चिकटपणा म्हणतात त्यांना काय सांगावे, असे आपण विचारले आहे. गेली अकरा वर्षे मी हा प्रयोग चुकतमाकत करीत आहे, म्हणून आधी माझी चूक सांगतो.

पहिल्या वर्षी मी सरसकट हात आखडला. मंडईत भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस केली, इस्त्रीला कपडे देणे बंद केले, आणि नव्या मोबाइलचा ‘नो कॉस्ट’ हप्ता मात्र बिनबोभाट भरत राहिलो. डिसेंबरात हिशेबाची वही उघडली तेव्हा ध्यानात आले की मी ज्यांच्याकडून पैसे वाचवले ते सगळे माझ्यापेक्षा गरीब होते. त्या हप्त्यातही व्याज असतेच. तेवढी रक्कम किमतीतून सवलत म्हणून वजा दाखवतात आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के योजनांत व्याज दडवले जाते, हा आक्षेप रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच घेतला होता.

पुण्यात हा विषय निघाला की 1905 ची विदेशी कपड्यांची होळी हटकून आठवते. मला मात्र सार्वजनिक काका, म्हणजे पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, अधिक जवळचे वाटतात. 1877 च्या दिल्ली दरबाराला ते हातच्या सुताची खादी घालून गेले. पण विलायती माल सोडून ते थांबले नाहीत, देशी माल तयार व्हावा आणि विकला जावा यासाठीही त्यांनी खटपट केली. माझ्या लेखी राजकारण इथे सुरू होते: पैसा कोणाकडे जाणे थांबवले, याइतकेच तो कोणाकडे वळवला यालाही महत्त्व आहे.

आमचा मिक्सर मागच्या वर्षी बंद पडला. सेवा केंद्रात सुटा भाग मिळत नसल्याचे सांगून नव्या मिक्सरवरची सवलत पुढे केली गेली. कसबा पेठेतल्या एका कारागिराने तो उलटा करून चार स्क्रू काढले, झिजून नखाएवढे उरलेले कार्बन ब्रश माझ्या तळहातावर ठेवले, आणि नवे बसवून दीडशे रुपये घेतले. तो मिक्सर आजही शेंगदाण्याचे कूट करतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये पोर्टल सुरू केले असले, तरी सुटे भाग मिळावेत असा तगादा ग्राहकांनी लावल्याखेरीज कंपन्या हलणार नाहीत; एकट्याने खरेदी थांबवून ते काम होत नाही.

टाकलेली वस्तू जाते कुठे, हेही पाहावे. आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला, तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले आणि गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. हा प्रश्न राजकीय नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने तिथे एकदा जाऊन यावे.

घरच्यांशी तात्त्विक वाद घालू नये. मी घालून पाहिला आहे. घरकाम करणाऱ्या ताईंचा दिवाळीचा बोनस आम्ही याच काळात वाढवला, आणि चिकटपणाचा विषय आईने पुन्हा काढला नाही. लग्नातल्या आहेरांचे मात्र अजून जमलेले नाही. तिथे लक्ष्मी रोडची फेरी चुकत नाही.