जुन्या टाटा ट्रकचे इंजिन बांधावे की दुसरे बसवावे?

आपल्या वडिलांच्या टाटा 1210 चे 692 इंजिन धूर फेकते आणि तेल पिते. एक मेकॅनिक ते बांधू, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडू, म्हणतो, तर दुसरा तयार सेकंडहँड इंजिन बसवू म्हणतो, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, इंजिन उघडून क्रँक (पिस्टनांमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) यांची मापे हाती येईपर्यंत आपण दोघांनाही होकार देऊ नये.

धुराचा रंग आधी नीट पाहावा. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, नोझल आणि फ्युएल पंप एवढ्यावरच काम भागण्याची शक्यता असते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावर, चालू असतानाच तेल भरण्याचे झाकण काढावे. तेथून ठोक्याठोक्याने वाफारा बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) संपले आहेत असे समजण्यास हरकत नाही.

परंतु रिंगा, पिस्टन आणि लायनर बदलता येतात. खरा प्रश्न क्रँकचा असतो. वागळे इस्टेटमध्ये ज्या लेथवाल्याकडे मी क्रँक नेतो, तो प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग, रॉकेलने पुसून मायक्रोमीटर एकदा आडवा आणि एकदा उभा लावतो, आणि दोन्ही आकडे खडूने शेजारीच लिहितो, कारण त्या दोहोंतील फरकावरूनच जर्नल किती अंडाकृती झाले आहे ते कळते. क्रँक पाव, अर्धा, पाऊण मिलिमीटर असा पायरीपायरीने घासून त्या मापाचे अंडरसाइझ बेअरिंग घालतात. आपला क्रँक पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असेल आणि ब्लॉकला तडा नसेल, तर मी विचार न करता इंजिन बांधेन. शेवटची पायरी आधीच वापरून झाली असेल, तर दुसरा क्रँक शोधण्याचा खर्च धरून मगच तुलना करावी.

‘तयार’ इंजिनाबद्दल माझा अनुभव कडू आहे. कळंबोलीत माझ्या काकांच्या ट्रकला असेच एक रंगवलेले, चालू करून दाखवलेले इंजिन बसवले होते. चार महिन्यांत तेलाचा दाब पडला आणि उघडल्यावर क्रँक शेवटच्या मापापर्यंत घासलेला निघाला. म्हणजे दुसऱ्याचे थकलेले इंजिन विकत घेऊन वर पुन्हा बांधणीचा खर्च करावा लागला. विक्रेता संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उघडून एक बेअरिंग कॅप (क्रँकचे बेअरिंग धरणारे झाकण) काढू देत नसेल, तर तेथून उठावे हे बरे.

692 च्या जागी 697 बसवण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. या आकड्यांतला 6 हा सिलिंडरांचा, तर 92 आणि 97 हे बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटर आहेत, 4.8 लिटरच्या जागी सुमारे 5.7 लिटरचे इंजिन आले की क्लच, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांचाही विचार करावा लागतो. शिवाय इंजिन क्रमांक आरसी बुकात नोंदलेला असतो. आपलाच ब्लॉक ठेवला तर तो क्रमांक तसाच राहतो. इंजिन बदलायचे झाल्यास मात्र खरेदीचे बिल हाती ठेवून, काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओत जाऊन परवानगीचे विचारावे.

म्हणून पहिल्या मेकॅनिकला आधी फक्त खोलाई आणि मापे एवढ्याचीच मजुरी ठरवून द्यावी आणि जर्नलचे आकडे कागदावर लिहून मागावेत.