सोळा भाज्या कुणाच्या डोक्यात असतात?

"ताई, महालक्ष्म्या झाल्या. आता दसरा काढायचाय, म्हणजे सगळ्या घराची झाडलोट-धुणं, मग घट, लगेच दिवाळीला नणंदा. शाळेची नोकरी आहेच. परवा गच्चीवर गोधड्या वाळू घालताना रडू फुटलं, टाकीमागं जाऊन बसले. नवरा चांगला आहे, 'सांग ना, काय करू?' म्हणतो. तरी त्याचाच राग येतो. माझंच काही चुकतंय का?"
– एक सून, परभणी जिल्हा

अगं, टाकीमागची जागा मला ठाऊक आहे. माझी कोठीच्या खोलीत होती, ज्वारीच्या पोत्यांआड.

तुझा राग मला अगदी रास्त वाटतो. 'सांग ना' म्हणणारा माणूस हात देतो, डोकं तुझंच वापरतो. पुरण एका सकाळी होतं. पण सोळा भाज्यांतली कोणती मिळाली नाही, सवाष्ण कुणाला सांगायची, फुलोऱ्याच्या करंज्या कधी तळायच्या, ज्येष्ठेच्या दिवसाची रजा टाकली का, हे सगळं पंधरा दिवस तुझ्या डोक्यात फिरत असतं. रात्री दोनला जाग येते ती त्यानंच.

म्हणून त्याला काम सांगू नकोस, अख्खं खातं देऊन टाक. दिवाळीच्या किराण्याचंच बघ. यादी त्यानंच करायची, डबे त्यानंच उघडून बघायचे. तो गूळ विसरेल. विसरू दे! तू आठवण केलीस की खातं परत तुझ्या गळ्यात. गप्प राहणं तुलाच जास्त जड जाणार आहे, हे आत्ताच सांगते.

एका वर्षी मी आंबील करायचीच विसरले. महालक्ष्म्या काही रुसल्या नाहीत. सासूबाई रुसल्या, दोन दिवस.

तुझ्या सासूबाईंना 'यंदा कमी करू' म्हणू नकोस, त्या लगेच अडून बसतील. 'तुमच्या वेळी कसं जमायचं हो?' असं विचार. जावा होत्या, शेजारणी यायच्या, पुरण वाटायला चौघी असायच्या, हे त्याच सांगतील. तू एकटी आहेस, हे तेव्हा त्यांच्याच ध्यानात येईल.

आणि एक. सण सरले तरी झोप येईना, जेवण जाईना, जगणंच नको वाटायला लागलं, तर 14416 वर फोन कर. तसं मनात आलं तर सण सरायचीसुद्धा वाट बघू नकोस. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्री-बेरात्रीही चालू, मराठीत बोलता येतं.

गोधड्यांचं म्हणशील तर यंदा चारच धू. बाकीच्यांना नुसतं ऊन दाखव.