नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात सिव्हिल इंजिनिअरने जावं का?

तुमचा प्रश्न असा: बी.ई. सिव्हिल झालंय, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा-मलनिःसारण सेवेत निवड झालीये, रुजू व्हावं की रस्ते-पुलांच्या भरतीची वाट बघावी? एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण खाली तुम्ही जोडलंय, ‘मामा म्हणतात, पाणीपुरवठा म्हणजे नळ जोडायचं काम, त्यात इंजिनिअरिंग कुठंय?’ हे वाक्य मी निम्मं आयुष्य ऐकत आलोय. बोलणारे मामा नव्हते, साडू होते.

मी मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या नगरपरिषदांत पाणीपुरवठ्यालाच राहून निवृत्त झालो. साडू रस्त्यांच्या कामावर. दिवाळीला सासरवाडीला जमलो की फराळ पुढे यायच्या आत विषय निघायचा. ‘आमच्या पुलाला कोनशिला असते पाव्हणे, तुमच्या पाइपाला काय असतं?’ मी मग मलिक अंबरच्या नहरीचा विषय काढायचो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या माणसाने औरंगाबादेला जमिनीखालून पाणी आणलं. ना मोटर, ना वीजबिल, नुसत्या उताराच्या हिशोबावर, आणि पुढे कितीतरी पिढ्या ते पाणी प्यायल्या. साडू म्हणायचे, तो सरदार होता, तुम्ही जेई (कनिष्ठ अभियंता) आहात. यावर माझ्याकडे उत्तर नसायचं, सासरे मिशीत हसायचे.

मग एका पावसाळ्याच्या तोंडाला मी होतो त्या गावात गॅस्ट्रो आला. गावाचं नाव घेत नाही. सरकारी दवाखान्यातून फोन आला, रुग्ण वाढायलेत आणि बहुतेक सगळे एकाच वॉर्डातल्या दोन बोळांतले. वरून हुकूम सुटला, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवा. हा हुकूम कायम सुटतो. त्याने टाकीजवळच्या लोकांना पाण्याचा वास येतो आणि शेवटच्या घराला काहीच मिळत नाही, पण काहीतरी केल्याचं कागदावर येतं.

मी ओटी टेस्टचा डबा घेतला आणि व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन टाकीपासून चालत निघालो. काचेच्या नळीत नळाचं पाणी, वर औषधाचे थेंब, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. शेवटच्या नळालाही लिटरला ०.२ मिलिग्रॅम राहिला पाहिजे, हे तुम्हाला माहीतच असेल. पहिल्या चौकात चांगला पिवळा. मशिदीजवळ पिवळा. किराणा दुकानाच्या नळाला जरा फिका, पण होता. तिथून दोन घरं सोडून पुढच्या नळाला पाणी पांढरंच. पुन्हा टाकले थेंब, पुन्हा पांढरं. रंग हळूहळू उतरत गेला असता तर मी काही म्हणालो नसतो, लांब जाता जाता क्लोरीन थोडा कमी होतोच. पण दोन घरांच्या अंतरात एकदम गायब होतो, तेव्हा मधे काहीतरी घाण शिरतेय आणि क्लोरीन तिच्यावर खर्ची पडतोय.

व्हॉल्व्हमन म्हणाला, ‘सायेब, ह्या बोळात पयलं पाणी काळं येतंय. बायका थोडं सोडून देत्यात अन् मंग भरत्यात.’ हे त्याला कधीपासूनचं माहीत होतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही. चार दिवसांआड, आठ दिवसांआड. पाणी बंद झालं की पाइप उताराकडे रिकामा होत जातो, आत दाब उरत नाही, उलट ओढ तयार होते. बाहेर नाली भरलेली आणि पाइपाला भोक असेल तर नालीचं पाणी आत जाणारच. पुन्हा पाणी सुटलं की घरोघरच्या टिल्लू मोटारी तीच ओढ वाढवतात. शुद्धीकरण केंद्रात कितीही चांगलं पाणी करा, आठ दिवसांतून एकदा सोडणार असाल तर ते वाटेत बिघडतं. चोवीस तास पाण्याची मागणी लोकांना चैन वाटते. तिचं खरं कारण हे आहे की भरलेल्या पाइपात बाहेरचं काही शिरत नाही.

आता अडचण अशी की त्या दोन घरांच्या मधे होता नवाकोरा सिमेंट रस्ता. साडूंच्या देखरेखीखालचा. रस्ता करताना जेसीबीने लोकांच्या नळजोडण्या तोडल्या होत्या, ठेकेदाराच्या माणसांनी त्या जमेल तशा जोडल्या आणि वरून काँक्रीट ओतलं. नालीही सरकवून बरोबर पाइपाच्या अंगावर आणली. खाली काय आहे हे बघायला आमच्या विभागातल्या कोणाला बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी साडूंचा फोन. ‘पाव्हणे, रस्त्याला हात लावायचा नाही. बिल निघायचंय अजून.’ मी म्हणालो, लोक सलाईनवर आहेत. तर म्हणाले, ‘ते तुमच्या पाण्याने, माझ्या रस्त्याने नाही.’

कार्यालयातही रस्ता फोडायला कोणी हो म्हणेना. तेव्हा मी टिपणी लिहिली: अमुक ठिकाणी रस्ता न फोडल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी कोणाची राहील, ते लेखी कळवावे. ती टिपणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरली, कोणी सही करेना, आणि रात्री परवानगी आली.

ब्रेकर लावला. काँक्रीटखाली नालीच्या भिंतीला चिकटून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांची जुडी निघाली. एक पाइप बुडाकडून गंजून इतका पातळ झालेला की अंगठ्याने दाबला तर पोपडा निघाला. जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळून बाइंडिंग वायरने आवळलेली. खड्ड्यात नालीचं काळं पाणी साचत होतं. खात्री करायला मी वरचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. पाइपातलं पाणी उतरलं तसा त्या भोकापाशी बारीक भोवरा झाला आणि काळं पाणी गुळगुळ आवाज करत आत जाऊ लागलं. एक पालापाचोळ्याचा तुकडा भोकाशी येऊन अडकला, थरथरला आणि आत गेला. तिथे उभे असलेले नगरसेवक एक शब्द बोलले नाहीत.

सगळ्या जोडण्या नालीपासून लांब, नव्या एमडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपाने करून घेतल्या, लाइन जास्त क्लोरीन घालून धुतली, शेवटच्या नळाला पिवळा रंग आला. पुढच्या काही दिवसांत नवे रुग्ण थांबले. रस्त्याला ठिगळ पडलं ते पडलंच, आणि साडू आजही म्हणतात, पाव्हण्याने माझ्या रस्त्याची वाट लावली.

तर मामांना सांगा, हे इंजिनिअरिंग आहे. यात हायड्रॉलिक्स आहे, रसायन आहे, थोडं डॉक्टरकीचंही आहे. पुलाची तपासणी वर्षातून एक-दोनदा होते, तुमच्या कामाची तपासणी लोक दर पाळीला हंडा भरून करतात.

आता नोकरीबद्दल, कारण विचारलंय तुम्ही तेच. वेतनश्रेणी बांधकामवाल्या जेईचीच असते, त्या बाबतीत मामांनी काळजी करू नये. नगरपरिषदेशिवाय महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे, महापालिका आहेत, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आहे. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आल्यापासून गावोगावच्या योजनांचं कामही पुष्कळ आहे. खाजगीत सल्लागार कंपन्या आणि योजना चालवायला घेणारे ठेकेदार. पैसे तिकडे जास्त, झोप कमी. ईपॅनेट हे पाइपांच्या जाळ्याचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे, आणि ज्याला त्यात पाइपांचं जाळं उभं करता येतं त्याच्यापुढे मीटिंगमध्ये बाकीचे गप्प बसतात.

गणित कॉलेजात जे शिकवलं तेच. माणशी १३५ लिटर धरलं तर लाख वस्तीला रोज १३५ लाख लिटर, म्हणजे १३.५ एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर). त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं धरायचं, म्हणजे १०.८ एमएलडीचं मलशुद्धीकरण केंद्र. पुस्तकात इथे विषय संपतो, मराठवाड्यात इथून सुरू होतो. धरणच आटलं तर कसले १३५? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. भागाकार करा, पूर्ण गाडी आली तरी डोई साडेसहा लिटरच्या आसपास. सगळ्या देशाने गाडीचे फोटो बघितले. ते पाणी उतरवून, टाक्यांत चढवून, कुठल्या भागाला कधी द्यायचं हे ठरवणाऱ्यांचे फोटो कुठे आले नाहीत.

संभाजीनगरचं बघा. जायकवाडीत पाणी आहे, शहर उंचावर, मधे पाइप. जुन्या लाइनी ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या, नवी २५०० ची, म्हणजे माणूस आत ताठ चालत जाईल अशी. धरण उशाला असून नळाला आठ-आठ दिवस पाणी का येत नाही, हे ज्याला पंप, दाब, गळती आणि वीजबिल यांच्या भाषेत सांगता येतं, तो इंजिनिअर. बाकीचे मोर्चे काढतात.

मलनिःसारणाला नाक मुरडू नका. येत्या काळात खरं काम तिकडेच आहे आणि ते जमणारी माणसं कमी आहेत. भुयारी गटाराच्या नळीत गाळ बसू नये म्हणून पाण्याचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर लागतो. हे डिझाइन रोज १३५ लिटर वापरणाऱ्या गावासाठी असतं. आठ दिवसांआड पाणी मिळणारं गाव जपून वापरतं, गटारात येतं जेमतेम पाणी, ते संथ सरकतं, गाळ बसतो, चेंबर तुंबतं. मग कोणीतरी म्हणतं, माणूस उतरवा.

इथे मी स्पष्ट सांगतो. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, सुरुवातीला वास येतो, प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं आणि माणूस खाली बसतो तो उठत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाखांची भरपाई सांगितली आहे. दाबाच्या पाण्याने गटार मोकळं करणारं जेटिंग मशीन शेजारच्या पालिकेकडून मागवा, दोन दिवस गल्लीच्या शिव्या खा. शिव्यांनी कोणी मरत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल बाबांनी फसवलं. फोन कधी बंद ठेवता येणार नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो असताना मला मुख्य लाइन फुटल्याचा फोन आलाय. बिल थकलं की वीज तुटते आणि ऐकून तुम्ही घ्यायचं. नगरसेवक म्हणणार, आमच्या वॉर्डाला अर्धा तास जास्त सोडा, आणि विरोधी म्हणणार, त्यांना का सोडलं. रोजंदारीवरच्या व्हॉल्व्हमनचा पगार लांबला तर तो तुमच्या दारात येणार. ज्याला ठरलेल्या वेळेला घरी जायचंय त्याने खरंच येऊ नये. पुण्या-मुंबईच्या महापालिकेतलं वातावरण वेगळं असेल, मी तिकडे नोकरी केलेली नाही. आणि साडूंबद्दल हेही लिहितो की माझ्या मुलीच्या लग्नात मांडवापासून पाठवणीपर्यंत सगळं त्यांनी बघितलं. माणूस सोन्यासारखा, फक्त पाइपाच्या बाबतीत चुकतो.

रुजू व्हा. पत्रात मुदत असते, भरतीची वाट बघत ती घालवू नका. चार्ज घेताना जाळ्याचा नकाशा मागा. बहुधा नसेल किंवा जुना असेल. मग सगळ्यात जुन्या व्हॉल्व्हमनला घेऊन आठवडाभर पायी फिरा आणि तो सांगेल ते कागदावर उतरवा: कुठला व्हॉल्व्ह गाडला गेलाय, कुठल्या बोळात नळ नालीतून गेलेत, कुणाच्या ओट्याखाली लाइन आहे. तो निवृत्त झाला की हे सगळं त्याच्याबरोबर जातं.

आणि सिमेंट रस्त्याची फाइल तुमच्याकडे ना-हरकतीसाठी आली तर खालची जुनी लाइन बदलून, दाब देऊन तपासल्याशिवाय सही करू नका. एस्टिमेटमध्ये पाइप बदलायची तरतूद नसेल तर फाइल तशीच परत पाठवा. फोन येतील, कदाचित नात्यातलेही येतील. तोंडी काही बोलू नका. लेखी द्या, जावक क्रमांक टाकून.