माळ्यावरचा कुकर

प्रश्न : ताई, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा. मागच्या महिन्यात सोसायटीत एका वाढदिवसाला गेलो होतो. निघताना मुलग्यांना निळ्या पिशवीत गाडी, मुलींना गुलाबी पिशवीत भातुकली मिळाली. आमच्या चिरंजीवांनी जिन्यातच शेजारच्या मुलीशी अदलाबदल केली. दोघंही खूश! घरी सासऱ्यांनी पाहिलं. ते बाजार समितीत माथाडी होते, आवाज मोठा. "पोराला बायल्या करायचाय का?" म्हणाले. वाद नको म्हणून मी भातुकली माळ्यावर टाकली. हा रोज "माझा कुकर दे" म्हणून मागे लागतो. माझं चुकलं का? आणि पुढच्या महिन्यात त्याचाच वाढदिवस आहे. रिटर्न गिफ्ट काय द्यावं?
— एक आई

उत्तर : चुकलं, पण फार नाही. आज संध्याकाळी स्टूल घ्या आणि आधी तो कुकर खाली काढा.

मी ठाण्याला नौपाड्यात ३१ वर्षं बालवाडी चालवली. मूल कुकर मागतं, कारण कुकरची शिट्टी झाली की घरातले सगळे पानावर येऊन बसतात. साडेचार वर्षांच्या जिवाला याहून मोठी सत्ता कुठली? आमच्याकडे एक मुलगा रोज डाव घेऊन सगळ्यांना आमटी वाढायचा. बाहेर वडिलांच्या स्कूटरचा आवाज आला, की डाव खाली ठेवून ट्रक हातात घ्यायचा. चार वर्षंही पूर्ण नव्हती त्याला.

माझंही चुकायचं. बाहुल्या एका कोपऱ्यात, ठोकळे दुसऱ्या. आणि "मुलींनो, चला घर-घर खेळायला" असं मीच म्हणायचे. एका पावसाळ्यात ठोकळ्यांच्या कोपऱ्यात छत गळायला लागलं, म्हणून सगळा पसारा एकाच सतरंजीवर आणला. तासाभरात तिथे कोपरीचा पूल उभा राहिला. त्यावरून बाहुली ट्रकमध्ये बसून दवाखान्यात निघाली. पूल बांधणाऱ्यांत तीन मुली होत्या. कुठे तोल जाईल, किती उंच गेलं की कोसळेल, हे ठोकळे हाताळूनच कळतं, आणि मी कित्येक वर्षं मुलींना त्यापासून लांब बसवलं होतं. छत दुरुस्त झालं, पण सतरंजी एकच राहिली.

त्या निळ्या-गुलाबी पिशव्यांचं म्हणाल, तर ही रीत आपली नाहीच, फार जुनीही नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या कपड्यांच्या धंद्यातल्या एका मासिकाने मुलग्यांना गुलाबी आणि मुलींना निळा रंग द्यावा, असं सांगितलं होतं. गुलाबी म्हणे ठसठशीत, निळा नाजूक! पुढे सगळं उलटं झालं. दुकानदाराचं काय, ताईची गुलाबी सायकल भावाला चालेनाशी झाली की दोन खपतात. परवा गोखले रोडवर खेळणं घ्यायला गेले, तर वय विचारायच्या आधीच प्रश्न आला, "मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, "चार वर्षांचं मूल आहे." तो माणूस गोंधळून उभाच राहिला. बिचाऱ्याचं कपाटच तसं लावलेलं.

१९९२ मध्ये एक बोलणारी बार्बी निघाली होती. तिच्या वाक्यांत गणिताचा तास अवघड असतो, असंही एक होतं. ओरड झाल्यावर ते काढून टाकावं लागलं. आपली भातुकली मुकी खरी, पण ती गुलाबी पिशवीत घालून फक्त मुलींच्या हाती दिली की तीही बोलायला लागते.

सासऱ्यांशी भांडू नका. बाजार नवी मुंबईत यायच्या आधी मशीद बंदरला होता, तेव्हा गाववाल्यांच्या खोलीवर स्टोव्ह कोण पेटवायचं, ते विचारा. खानावळीत जेवत असतील तर माझा डाव फसला. पण माझ्या ओळखीचे दोन माथाडी आजही बायकोपेक्षा गोल भाकरी थापतात. याच नातवाला बोरनहाणाला हलव्याचा हार आणि मुकुट घातला असेल ना? तेव्हा कौतुकाने मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? कुकर खाली आला की पहिला भात आजोबांनाच वाढायला सांगा. नातवाने वाढलेलं ताट परत करणारा आजोबा मी तरी पाहिलेला नाही.

तो शब्द मात्र सोडू नका. तुमच्यादेखत, तुम्ही रांधलेलं जेवून तो उच्चारला गेला. हे वडिलांना त्यांच्या मुलाने सांगायचं, तुम्ही नव्हे. तुमच्या अख्ख्या पत्रात नवरा कुठेच नाही, म्हणून लिहिते.

वाढदिवसाला पिशव्याच नकोत. एका टोपलीत गाड्या, भातुकली, ठोकळे एकत्र ठेवा आणि ज्याला जे हवं ते उचलू द्या. टोपलीशी उभं राहून "अगं, ते नको, हे घे" म्हणणाऱ्या एखाद्या आईला तेवढ्या वेळापुरतं केक कापायला बोलवा. टोपलीची कटकट नको असेल तर सगळ्यांना एकेक भिंग द्या. आठवडाभर तरी सोसायटीतल्या मुंग्यांची धडगत नाही.

आणि जिन्यात गाडी घेऊन गेलेली ती शेजारची मुलगी? तिची गाडी अजून तिच्याकडे आहे का, ते तिच्या आईला एकदा विचारून मला कळवा.