विंडोज १० चा डेस्कटॉप स्लीपला जात नाही, स्क्रीन बंद होते पण पंखा चालूच राहतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की २० मिनिटांवर स्लीप लावलंय, स्क्रीन वेळेवर काळी होते, पण सीपीयूचा पंखा रात्रभर चालू. आणि एखाद्या दिवशी सकाळी बघावं तर मशीन लॉगिनच्या पानावर येऊन बसलेलं. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दोन्हींवर लोक एकच सल्ला देतात, फॉरमॅट मारा. मारू नका. चाळीसगावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. "भाऊ, हाई जपतच नही" (हे झोपतच नाही) म्हणत जे डेस्कटॉप येतात, त्यांत फॉरमॅट मारायची वेळ क्वचित येते. उलट फॉरमॅट मारल्यानंतरच स्लीप गेलेलेच जास्त. का, ते पुढे सांगतो.

आधी स्टार्ट मेन्यूतून हाताने स्लीप दाबून बघा. पंखा थांबला, पॉवरचा दिवा लुकलुकायला लागला आणि मशीन तसंच राहिलं, तर स्लीप शाबूत आहे. एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर (विंडोजला एखादा भाग चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) त्याला अडवून धरतोय. तो कोण, ते विंडोज स्वतःच सांगतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' (सगळी अक्षरं जोडून), मग एक स्पेस, मग स्लॅश, त्याला चिकटून 'रिक्वेस्ट्स' असं टाइप करून एंटर मारा. डिस्प्ले, सिस्टीम, अवेमोड अशा मथळ्यांची यादी येईल. प्रत्येकाखाली 'नन' असेल तर कुणी अडवत नाहीये. नसेल तर तिथे नाव छापलेलं असतं.

ही नावं ठरावीकच असतात. सिस्टीमखाली रिअलटेक ऑडिओ आणि 'ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे' अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर ब्राउझरची एखादी टॅब आवाजाची वाट अडवून बसली आहे. व्हिडिओ पॉज केलेला असला तरी काही साइट ती वाट सोडत नाहीत. टॅब बंद करा, कमांड पुन्हा चालवा, नाव गेलेलं दिसेल. 'एसआरव्हीनेट' दिसलं तर दुसऱ्या कम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून तुमचं शेअर केलेलं फोल्डर कुणी तरी उघडं ठेवलंय. दुकानात दोन-तीन मशीन एकमेकांना जोडलेली असली की हे हमखास सापडतं. यादीत काहीच नसेल तर प्रिंटरची रांग बघा. कागद संपला म्हणून अर्धवट राहिलेला सातबाऱ्याचा प्रिंट तिथे आठवडाभर पडून असतो. जॉयस्टिक किंवा गेमपॅड लावलेला असेल तर काढून बघा. रिक्वेस्टसओव्हरराइड नावाची कमांड वापरून अडवणाऱ्याकडे दुर्लक्ष करायला लावता येतं, पण ते अगदी शेवटी. मोठी फाइल डाउनलोड होत असताना मशीन झोपलं तर तुम्हीच वैतागाल.

स्टार्टमध्ये स्लीपचा पर्यायच नसेल, तर त्याच कमांडला 'रिक्वेस्ट्स'ऐवजी नुसतं 'ए' जोडा. कुठलं स्लीप उपलब्ध आहे, कुठलं नाही आणि का, ते येतं. कारणात 'व्हीजीएसेव्ह' असं काही दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलेलाच नाही. फॉरमॅट करणारे बरेचदा स्क्रीन दिसली, झालं, म्हणून मोकळे होतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' हे नाव दिसेल. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर टाकला की स्लीप परत येतं.

आता सकाळी जागं सापडणारं मशीन. इथे 'पॉवरसीएफजी' स्लॅश 'लास्टवेक' विचारा, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम, तिथे 'पॉवर-ट्रबलशूटर' नावाची नोंद शोधा. वेक सोर्स, म्हणजे मशीनला उठवणारा, म्हणून बहुतेक वेळा नेटवर्क कार्ड किंवा माऊस निघतो. नेटवर्क कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कम्प्युटर'ची टिक काढा. माऊसचंही तसंच. कीबोर्डची मात्र ठेवा, मशीन उठवायला काही तरी हवं. माऊसचं कारण आपल्याकडे उन्हाळ्यात जास्त निघतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलर रात्रभर चालतो, आणि त्याच भिंतीला टेकलेलं टेबल थरथरत असतं. काचेच्या टेबलावरचा ऑप्टिकल माऊस तेवढ्यानेही हलल्यासारखा वागतो. माऊस उलटा ठेवून एक रात्र बघा. सोर्स टायमर निघाला तर पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्लीपखालचे वेक टायमर्स बंद करा. तो बहुतेक अपडेटचा कारभार असतो. तसंही विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीनला झेपत असेल तर ११ चा विचार करा.

पॉवर-ट्रबलशूटरची नोंदच नसेल आणि त्याऐवजी 'कर्नल-पॉवर ४१' दिसत असेल, तर मशीन झोपेतून उठलेलं नाही. रात्री लाइट गेली, आली, आणि ते नव्याने चालू झालं. मला तुमच्या बाबतीत याचाच जास्त संशय आहे, कारण तुम्ही 'एखाद्या दिवशी' म्हणताय, रोज नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाचं सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑफ'वर ठेवा. मदरबोर्डप्रमाणे नाव थोडं बदलतं.

वीज किती जळते म्हणाल, तर रिकामं बसलेलं मशीन ५० वॅट धरलं तरी १० तासांत अर्धा युनिट. बिलापेक्षा मला धुळीची आणि पंख्याच्या बेअरिंगची काळजी जास्त. जिनिंगच्या हंगामात सीपीयू उघडला की आत कापसाचा थर निघतो.

आणि नुसत्या स्लीपवर रात्र काढू नका. स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच असतं, लाइट गेली की गेलं. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हायब्रिड स्लीप चालू असेल तर तेच काम डिस्कवरही लिहिलेलं राहतं. तो पर्याय दिसत नसेल तर रात्री हायबरनेट करा, म्हणजे काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. उठायला थोडा जास्त वेळ घेईल, पण इन्व्हर्टरची बॅटरी संपली तरी तुमची एक्सेलची फाइल जिथे सोडली तिथेच उघडेल.